पाद्र्याच्या चढणीवर बारमाही टायर

फ्लोरिडा, १२ नोव्हेंबर

फेरनांद,

आम्ही पोहोचलो. पिएरेत बरी आहे, मी बरा आहे. इथे म्हातारी माणसं नोव्हेंबरात अर्ध्या चड्डीत हिंडतात, आणि आपल्या क्वेबेकातून आलेले त्यात सगळ्यात पुढे आहेत. आता मुद्द्यावर येतो.

फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस. ॲल्युमिनियमच्या कारखान्यात तीस वर्षं मी युनियनच्या सभा गाजवल्या. हजार माणसं तोंडातून ब्र न काढता ऐकायची. घरात मात्र तुझ्यापुढे माझं एक वाक्य कधी पुरं झालं नाही. पत्रात तुला तोंड घालायला जागा नाही. तेव्हा ऐक.

सर्व संतांच्या दिवशी तुझ्याकडे जेवायला बसलो होतो. तुझ्या तुर्तिएरचा, त्या मांसाच्या पाईचा, पहिला घास माझ्या तोंडात होता, आणि तू जाहीर केलंस, "यंदापासून मी टायर बदलणार नाही. बारमाही टायर घेणार. तेच जुलैत, तेच जानेवारीत." घास माझ्या घशात अडकला. तुझ्या मुलाने, जिस्लँने, माझ्या पाठीत चापट मारली म्हणून मी आज हे पत्र लिहू शकतो.

बाई गं, तू कुठे राहतेस? पाद्र्याच्या चढणीच्या माथ्यावर! शंभर वर्षांपूर्वी त्या चढणीवरून एका पाद्र्याची घोड्याची घसरगाडी पाद्र्यासकट उलटी खाली आली आणि खाडीच्या बर्फावर जाऊन थांबली. देवाचा माणूस जिथे टिकला नाही, तिथे तू दोन डगरींवर पाय ठेवणारं रबर घेऊन चढणार? हिवाळा हा शत्रू आहे, आणि शत्रूशी तडजोड करणाऱ्याचं काय होतं ते मी प्रत्येक संपात पाहिलं आहे. खिळ्यांचे हिवाळी टायर, चार! त्याखाली बोलणी नाहीत.

तुझी ती छोटी एसयूव्ही चारही चाकांनी ओढते, हे मला सांगू नकोस. चारही चाकं निघायला मदत करतात. थांबायला नाही.

असो. पैज सगळ्यांसमोर लागली आहे. पंधरा मार्चपर्यंत तुझी गाडी त्या चढणीवर एकदा जरी फसली आणि दुसऱ्या कुणाला ती ओढून काढावी लागली, तर तू किल्ल्या जिस्लँच्या हातात देणार, घर विकणार आणि खालच्या शहरातल्या निवासात राहायला जाणार. नाही फसली, तर जिस्लँ निवासाचा विषय पुन्हा काढणार नाही. पंच मी आहे. मी निःपक्षपाती आहे. तू हरणार आहेस.

आणि निवास काही वाईट नाही. मी आत जाऊन आलो आहे. पूर्वेकडच्या बाजूला शेजारी-शेजारी दोन खोल्या आहेत, खाडी दिसते. भिंत पातळ आहे, हाक मारली की ऐकू जाते. सूप चांगलं असतं.

रोझेर

०

आन्स-कोर्बो, २७ नोव्हेंबर

रोझेर,

तू त्याला निवास म्हण. मी वृद्धाश्रम म्हणते. सूप चांगलं असतं म्हणून कुणी घर विकत नाही.

टायर घेतले. कसे घेतले ते सविस्तर सांगते, कारण तुला वाटत असेल की मी रंग बघून घेतले.

ओनिलच्या दुकानात तीन जातींचे बारमाही होते. तिन्हींच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह आहे. ते चिन्ह असलं की कायद्याच्या लेखी तो हिवाळी टायर. पोलीस मला अडवणार नाही, तू कितीही पत्रं लिही. ओनिल म्हणाला, "पहिला आवाज करत नाही, दुसरा जास्त वर्षं टिकतो, तिसऱ्याला चिरा जास्त आहेत." मी म्हटलं, "तिन्ही रात्रभर बाहेर अंगणात ठेव. सकाळी येते." तो हसला. पण ठेवले. सकाळी उणे अठरा होतं. मी जाऊन तिन्हींना अंगठ्याने दाबून पाहिलं, वर बसून पाहिलं. पहिला दगड झाला होता. दुसरा शिळ्या पावासारखा. तिसरा दबत होता. तिसरा घेतला. ओनिल म्हणाला, "मादाम, टायरवर बसून टायर घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहिलं." मी म्हटलं, "माझा भाऊ पाहिला असतास, तर तो टायरवर उभा राहून भाषण देतो."

ओनिल प्रामाणिक आहे. त्याने सांगितलं की नुसत्या काचेसारख्या बर्फावर तुझे खिळेवाले जास्त धरतात. मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी घरात बसेन. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, रोझेर, मला कारखान्यात पाळीवर हजर व्हायचं नाही. मला गायनमंडळीच्या तालमीला जायचं असतं, खाडीच्या बर्फावर मासे धरायला जायचं असतं, आणि तुझ्यासारख्यांसाठी वाटाणे आणायचे असतात. एवढ्यासाठी वर्षातून दोनदा चार टायर तळघरातून काढायचे, चढवायचे, उतरवायचे, पुन्हा तळघरात ठेवायचे? माझा म्हातारा, ल्युसियँ, होता तेव्हा तो करायचा, शिव्या देत करायचा, आणि मला त्या शिव्या ऐकायला आवडायच्या. आता तो नाही. तळघरात टायरांच्या जागी मी ब्ल्यूबेरीची वाइन लावली आहे. टायरांपेक्षा ती बरी सोबत आहे.

घर मी सोडणार नाही. हे तू पंच म्हणून ऐक, किंवा भाऊ म्हणून.

फेरनांद

०

फ्लोरिडा, १३ डिसेंबर

फेरनांद,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, पिएरेत हसली. माझी बायको शत्रुपक्षाला मिळाली आहे.

अंगठा! विज्ञानाने इतकी प्रगती केली आणि माझी बहीण अंगठ्याने दाबून प्राणाचा निर्णय घेते! अगं, तो आंबट पाव आहे की टायर? जगात जे जे सगळ्यांना चालतं ते कुणाच्याच कामाचं नसतं, हे मी आयुष्यभर ओरडून सांगत आलो. सगळ्या पक्षांना चालणारा पुढारी बघ. सगळ्या पायांना बसणारा मोजा बघ. आणि आता हा सगळ्या ऋतूंना चालणारा टायर!

मी जे बोलतो ते पाळतो. आमच्या गाडीला मी निघण्याआधीच खिळ्यांचे हिवाळी टायर चढवले, आणि त्यावरच अडीच हजार किलोमीटर इथवर आलो. पिएरेत म्हणाली, "फ्लोरिडात बर्फ नसतो." मी म्हटलं, "तत्त्वाला हवामान नसतं."

इथले रस्ते मात्र भिकार आहेत. अमेरिकन डांबर गुरगुरतं. गाडीत बसलं की दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं. वळणावर गाडी जेलीसारखी डुलते. आमच्या वसाहतीतल्या शेजाऱ्यांनाही काही झालं आहे, आम्ही गेटातून आत येताना ते कान झाकतात आणि रस्त्याकडे बोट दाखवतात. बहुधा ते डांबराबद्दलच तक्रार करत असावेत. मीही मान डोलावतो. एकजूट महत्त्वाची.

प्रत्येक चढाईचा अहवाल पाठव. फादरला साक्षीदार ठेव.

जिस्लँ सांगत होता की निवासात सोमवारी पत्ते असतात. तुला पत्त्यांत फसवता येतं, तेव्हा तुझं तिथे छान होईल.

रोझेर

०

आन्स-कोर्बो, ४ जानेवारी

रोझेर,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. पिएरेतला दोन शुभेच्छा, तिला तुझ्यासोबत राहायचं आहे.

अहवाल: नाताळच्या आधी मोठं वादळ आलं. बर्फ माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या निम्म्यापर्यंत. बर्फ ढकलणारी गाडी एकदा येऊन गेली, मग मी नाताळच्या सकाळच्या प्रार्थनेला खाली गेले आणि परत वर आले. दुसऱ्या गिअरच्या वर नाही, ब्रेकला हात नाही, म्हणजे पाय नाही, आणि मध्ये कुठे थांबायचं नाही. फादरला साक्षीदार म्हणून शेजारी बसवलं. वळणावर मागचा भाग थोडा बाजूला गेला. खोटं कशाला बोलू, चांगला हातभर गेला. फादरने क्रूसाची खूण केली. मग टायरांनी धरलं आणि आम्ही वर आलो. फादर उतरताना म्हणाले, "फेरनांद, पुढच्या वेळी दुसरा साक्षीदार बघ."

आता तुझं. रोझेर, डांबर गुरगुरत नाही. तुझे खिळे गुरगुरतात. शेजारी कान झाकतात ते तुझ्यामुळे, आणि रस्त्याकडे बोट दाखवतात कारण तू त्यावर नक्षी काढतोयस. आणि गाडी डुलते ती रबर उकडून मऊ झालंय म्हणून. हिवाळी टायर थंडीसाठी मऊ केलेला असतो. त्याला तीस अंशांच्या उन्हात चालवणं म्हणजे लोणी तव्यावर ठेवून त्याला पोळी म्हणणं. खाली वाकून टायर बघ. वाकता येत नसेल तर पिएरेतला सांग.

घर छान आहे. वाइन तयार होत आहे. अडतीस वेळा वर आले. एकदाही फसले नाही.

फेरनांद

०

फ्लोरिडा, २२ जानेवारी

फेरनांद,

टायर मी पाहिले. ते उत्तम आहेत.

वसाहतीच्या समितीने मला बोलावलं होतं. अध्यक्षबाई टोरंटोच्या आहेत. त्यांनी मला नव्या डांबराचे फोटो दाखवले. मी त्यांना वीस मिनिटं कामगारांच्या रस्त्यावरच्या हक्काबद्दल सांगितलं. त्यांना फ्रेंच येत नाही, पण त्या हलल्या. शेवटी त्यांनी मला गाडी गेटाबाहेर उभी करायला सांगितली. मी हा विजय मानतो.

तुझ्या वळणावर हातभर गेलेल्या मागच्या भागाची मी पंच म्हणून नोंद घेतली आहे. हातभर आज, दोन हात उद्या, खाडी परवा! बाई, मला झोप लागत नाही. त्या चढणीवर एकटी बाई. काही झालं तर हाक कुणाला मारशील? निवासात भिंतीवर थाप मारली की पलीकडून कुणीतरी शिवी देतं. माणसाला आणखी काय लागतं?

रोझेर

*फेरनांद, मी पिएरेत. पाकीट चिकटवायचं काम माझं असतं म्हणून लिहिते आहे. टायर उत्तम नाहीत. टायर टकले झालेत. खिळे जवळजवळ सगळे पडले, आमच्या गेटापासून समुद्रापर्यंत सांडलेत. काल अध्यक्षबाईंच्या नवऱ्याच्या सायकलचं चाक त्यातल्याच एकाने फुटलं. रोझेर त्यांच्या सांत्वनाला गेला होता आणि भांडवलशाहीला दोष देऊन आला.*

०

आन्स-कोर्बो, ९ फेब्रुवारी

रोझेर,

आता जे लिहिते आहे ते पंच म्हणून वाच. जिस्लँचं म्हणणं आहे की मी हरले. मी काही लपवत नाही, सगळं लिहिते. निकाल तू दे.

कँडलमसच्या, मेणबत्त्यांच्या सणाच्या दिवशी वर गावच्या सभागृहात धिरडी होती. तुझ्या त्या लाडक्या वृद्धाश्रमाची बस माणसं घेऊन येत होती. सकाळपासून वारा होता, पुढचं दिसत नव्हतं. चढणीच्या पायथ्याशी बस घसरली आणि कडेच्या बर्फात तोंड खुपसून बसली. सहाही टायर हिवाळी होते. मी हे तुला चिडवायला सांगत नाही. सांगते आहे इतकंच.

आत अकरा म्हातारी माणसं, चालक आणि संचालिका मादाम गोद्रो. मी वाटाणे घेऊन परत येत होते. बसचा हीटर बंद पडलेला. बर्फ ढकलणारी गाडी दुसऱ्या टोकाला अडकली होती, येणार कधी कुणाला माहीत नाही. मी मादामला म्हटलं, "तिघं-तिघं बसवा, माझं घर वर आहे." तिने गाडीच्या टायरांकडे पाहिलं. म्हणाली, "मादाम, यांच्यावर?" मी म्हटलं, "मग तुमच्या टायरांवर जाऊ या का?"

पहिल्या तीन खेपा सरळ गेल्या. चौथ्या खेपेला आदेलार होता, तो नव्वदीचा, कानात कापूस घालणारा. बरोबर वळणावर आल्यावर म्हणाला, "थांबव, मला लघवीला जायचंय." मी म्हटलं, "आदेलार, वर जाऊन जा." तो म्हणाला, "पोरी, माझं वय बघ. वर म्हणजे उशीर होईल." थांबवली. काय करणार? गाडीच्या सीटा कापडाच्या आहेत.

तो जाऊन आला. मग गाडी निघेना. चारही चाकं फिरली आणि गाडी जागीच. मागच्या सीटवरच्या दोघी बायकांनी जपमाळ काढली. आदेलार म्हणाला, "मी उतरून ढकलू का?" मी म्हटलं, "तू आजच्यापुरतं पुरे केलंस."

मग मी काय केलं ते ऐक. मान मागे वळवली, आणि सगळी चढण उलटी उतरले. हळू, पावलापावलाने, पाद्री गेला त्याच वाटेने, फक्त खाडीच्या अलीकडे थांबले. श्वास घेतला. मग एका दमात वर, न थांबता. आदेलार सगळ्या वाटभर गात होता.

कुणी ओढलं नाही. कुणी ढकललं नाही. पण मी फसले होते, हे खरं. जिस्लँ म्हणतो, फसली म्हणजे फसली. बोलण्यात "ओढून काढावी लागली" असंही होतं, पण मला शब्दाला लोंबकळून घर वाचवायचं नाही. माझं घर तुझ्या हातात आहे. जे खरं वाटतं ते लिही.

रस्ता दोन दिवस बंद होता. तेरा माणसं माझ्या घरात झोपली, आदेलार बाथटबमध्ये. वाटाण्याचं सूप चार पातेली झालं. वाइन संपली. तिसऱ्या दिवशी जिस्लँ बर्फ ढकलणाऱ्या गाडीमागून आला, तेव्हा संचालिका मादाम गोद्रो माझा ॲप्रन बांधून भांडी पुसत होती आणि बाकीचे पत्ते खेळत होते. त्यांना परत जायचं नव्हतं. जिस्लँ म्हणाला, "ममाँ," आणि खुर्चीवर बसला.

फेरनांद

०

फ्लोरिडा, २५ फेब्रुवारी

फेरनांद,

निकाल.

मी या पैजेत पहिल्यापासून एका बाजूला होतो. तू हरावंस असं मला वाटत होतं. पंचाने हे सांगायला हवं, म्हणून सांगतो.

आता वस्तुस्थिती. तू वळणावर थांबलीस ती टायरांच्या दोषाने नाही, आदेलारच्या मूत्राशयाने. चढणीवर मध्ये थांबून पुन्हा निघणं माझ्या खिळ्यांनाही अवघड गेलं असतं. तू अडकलीस, पण अडकून बसली नाहीस. तू मागे आलीस. जे लोक मागे येणं म्हणजे हरणं समजतात, त्यांनी एकही संप चालवलेला नसतो. आम्ही मोठ्या संपात दोनदा कामावर परत गेलो, तिसऱ्यांदा जिंकलो. जो नुसता पुढे जातो तो बैल. जो मागे येऊन पुन्हा वर जातो तो लढवय्या. अकरा माणसं थंडीत बसली होती, आणि माझ्या बहिणीने त्यांना वर नेलं. मी सभेत हे सांगितलं असतं तर लोक खुर्च्यांवर उभे राहिले असते. इथे सभा नाही, म्हणून तरण तलावाजवळ अध्यक्षबाईंना सांगितलं. या खेपेला त्यांना समजलं, त्या रडल्या.

निकाल असा: तू जिंकलीस. घर तुझं. जिस्लँने पुन्हा विषय काढला तर त्याला माझ्याकडे पाठव.

आणखी एक. आमचे टायर गेले. गेले म्हणजे संपले. एक तर रस्त्यात सालासारखा सोलला. मार्चमध्ये परत येताना वाटेत बर्फ लागणारच. इथल्या दुकानदाराकडे हिवाळी टायर मागितले, तर त्याने मालकाला बोलावलं, मालकाने बायकोला बोलावलं, आणि तिघांनी मिळून मला पाहिलं. त्याच्याकडे फक्त बारमाही होते. डोंगर आणि हिमकण असलेले. मी ते नाइलाजाने घेतले. तत्त्वाने नव्हे. पिएरेतला तू हे सांगू नकोस, पण मी अंगठ्याने दाबून पाहिले.

आम्ही मार्चअखेर येतो. थकलो आहे. गाडी चालवून नाही. असंच.

रोझेर

०

आन्स-कोर्बो, १५ मार्च

रोझेर,

पंधरा मार्च आज. जिस्लँने सकाळी येऊन माझ्या हातात गाडीच्या किल्ल्या ठेवल्या. त्या माझ्याकडेच होत्या, त्याने आधी मागून घेतल्या आणि मग समारंभाने परत दिल्या. तुझा भाचा शोभतो.

आता मी न लिहिलेली गोष्ट. मादाम गोद्रो भांडी पुसता-पुसता बोलत होती. म्हणाली, "तुमचे भाऊ फार मोठ्या आवाजाचे आहेत हो. ऑक्टोबरात आले होते. मेपासून ते आणि त्यांची बायको आमच्याकडे येणार. शेजारची खोली तुमच्यासाठी अडवून ठेवा म्हणाले. भिंत पातळ आहे का, हे त्यांनी स्वतः ठोकून पाहिलं."

माझ्या हातातली बशी पडता-पडता राहिली. म्हणजे सर्व संतांच्या दिवशी तू माझ्या घरी तुर्तिएर खात होतास, तेव्हा स्वतःचं घर विकायचं ठरवून बसला होतास. आणि मला सांगितलं नाहीस. कुणालाच नाही. हजार माणसांपुढे बोलणारा माणूस, आणि "मला तिथे तुझ्याशिवाय जायला भीती वाटते" हे एवढं वाक्य तुझ्याच्याने बोलवलं नाही. त्याऐवजी चार महिने मला टायर शिकवलेस!

हे मी गेल्या पत्रात लिहिलं असतं, तर तू दयेपोटी माझ्या बाजूने निकाल दिला असतास, किंवा हट्टाने विरुद्ध. म्हणून गप्प राहिले. मला बघायचं होतं, तू काय लिहितोस. मी हरले असते तर तुला हवं होतं ते मिळालं असतं. एका ओळीचं काम होतं. ती ओळ तू लिहिली नाहीस.

मी ते पत्र वाचलं, नाक शिंकरलं आणि वाटाणे भिजत घातले.

ती शेजारची खोली मी मादामला सोडून द्यायला सांगितली आहे. आदेलार घेतो म्हणतो. तो गातो. तुझी भिंत पातळ आहे. तुझं तू बघ.

मेमध्ये सामान हलवायला मी येईन, पिएरेतच्या काचेच्या वस्तू तुझ्या हाती देणार नाही. चढण उतरून तुमच्या दारापर्यंत मला अर्धा तास लागतो, वादळ असेल तर तास. जेवणाच्या खोलीत माझ्यासाठी खुर्ची धरून ठेव, खिडकीकडची, आणि कुणी बसायला आलं तर भाषण सुरू कर.

मी तिथे राहायला येणार नाही, रोझेर. भांडायला येईन. सोमवारी आणि गुरुवारी, बर्फ असो नसो.

फेरनांद